१,१९७ सीसी: छोट्या पेट्रोल हॅचबॅकच्या घडणीची पार्श्वभूमी

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. छोट्या पेट्रोल मोटारींवर तोवर २८ टक्के कर आणि वर उपकर असे, तो १८ टक्क्यांवर आला. सवलतीची अट मात्र जुनीच राहिली: गाडी चार मीटरपेक्षा लांब नको आणि इंजिन १,२०० सीसीपेक्षा मोठे नको. कोल्हापुरात अशी गाडी घ्यायला निघालेला माणूस दोन गोष्टी आवर्जून विचारतो. ॲव्हरेज किती पडते, आणि घरची पाच माणसे घेऊन कोकणातून परतताना करूळचा घाट ती दमाने चढेल का? ही दोन्ही उत्तरे एकमेकांना बांधलेली आहेत, कारण गाडीचे वजन, पिस्टनचा स्ट्रोक (म्हणजे पिस्टन सिलिंडरात वरखाली जेवढे सरकतो ते अंतर) आणि गिअरांचे प्रमाण या तीन गोष्टींवर दोन्ही ठरतात. या तीन गोष्टी अभियंत्यांनी मोकळ्या मनाने कधीच ठरवलेल्या नाहीत; प्रत्येक टप्प्यावर कुठल्या तरी सरकारचा कर, इंधनाची टंचाई किंवा धुराचा नियम त्यांच्यापुढे होता, आणि आजच्या गाडीचा स्वभाव हा त्या अटींमधून काढलेल्या वाटांचा परिणाम आहे.

पहिली वाट युरोपात निघाली. १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या, तरीही चार माणसे नीट बसतील अशा गाडीची गरज भासली. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने १९५९ च्या मिनी या ब्रिटिश गाडीमध्ये इंजिन आडवे बसवले, पुढची चाके चालती केली आणि गिअरबॉक्स इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतच घातला. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट गेल्यामुळे गाडीच्या तळातली जागा मोकळी झाली आणि वजनही घटले. मात्र इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल वापरावे लागत असल्याने ही रचना फार पसरली नाही. फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिम्युलात गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, एका रेषेत बसवला आणि चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट असमान लांबीचे ठेवले. आज रस्त्यावर दिसणारी जवळपास प्रत्येक हॅचबॅक हीच मांडणी वापरते. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या ओल्या वळणावर वेग जास्त झाला की ही गाडी मागून घसरण्याऐवजी नाक बाहेरच्या बाजूला नेते, आणि तीव्र चढावर भार मागे सरकल्याने तिची पुढची चाके कधी कधी जागेवरच फिरतात, ते याच मांडणीमुळे.

दुसरी वाट जपानची. तेथे १९४९ पासून ठरावीक मापाच्या चिमुकल्या मोटारींना कराची आणि परवान्याची सवलत मिळू लागली. इंजिनाची मर्यादा बराच काळ ३६० सीसी होती, ती १९७६ मध्ये ५५० सीसी झाली. सुझुकीने १९५५ मध्ये सुझुलाइट ही पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी काढली होती. १९७९ ची अल्टो त्याच घराण्यातली. निर्यातीसाठी तिच्यात ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसवले गेले आणि तीच गाडी भारतात आली. ऑक्टोबर १९८२ मध्ये मारुती आणि सुझुकी यांचा करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली.

तोवर कोल्हापूरच्या रस्त्यांवर मोटार म्हणजे प्रामुख्याने ॲम्बेसेडर आणि फियाट. फियाटच्याच पद्मिनी या अवताराचे इंजिन १,०८९ सीसीचे होते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. त्यांच्यापुढे मारुती ८०० चे वजन साधारण ६५० किलो, चाके १२ इंचांची आणि वळणाची त्रिज्या ४.४ मीटर. महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा गुजरीच्या बोळात गाडी वळवणे ही त्या काळी चालकाच्या कसबाची परीक्षा होती. या गाडीने ती जवळपास रद्द केली, आणि तेही पॉवर स्टिअरिंगशिवाय, कारण पुढच्या चाकांवर भारच कमी होता.

त्या गाडीची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत होती, आणि एवढ्याशा ताकदीवर घाट कसा चढायचा ही शंका तेव्हाही होती. हिशेब करून पाहावा. रिकामी गाडी ६५० किलो, पाच माणसे आणि सामान मिळून ३५० किलो, म्हणजे एकूण एक टन. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ४० किलोमीटर वेग राखायचा असेल तर केवळ चढासाठी सुमारे ९ अश्वशक्ती लागते. टायरांचे घर्षण आणि हवेचा अडथळा धरला तरी इंजिनाच्या एकूण ताकदीच्या निम्म्यातही ते काम होते. मग गाडी दमल्यासारखी का वाटते? कारण तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असते, तेथे जेमतेम लागेल तेवढीच ताकद मिळते आणि समोरच्या ट्रकमुळे मोडलेला वेग पुन्हा उचलायला काहीच शिल्लक राहत नाही. उपाय एकच, दुसरा गिअर वेळेवर टाकणे. छोट्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांमध्ये असते आणि ती मागून घ्यावी लागते. ज्यांनी हे ओळखले त्यांनी मारुती ८०० घेऊन आंबा, फोंडा, करूळ हे सगळे घाट वर्षानुवर्षे विनातक्रार पार केले. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. एमएच-०९ क्रमांकाच्या या गाड्या अजूनही कुठे कुठे चालताना दिसतात.

इंजिनाचा स्वभाव समजून घ्यायचा तर मारुतीची १९९३ ची झेन पाहिली पाहिजे. तिच्या ९९३ सीसीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि स्ट्रोक केवळ ६१ मिलिमीटर होता. स्ट्रोक आखूड असला की प्रत्येक फेरीत पिस्टनला कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे मिनिटाला ६,००० फेऱ्यांवरही या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटरच्या आसपास राहतो आणि इंजिन न कुरकुरता फिरत राहते. झेन चालवणारे आजही तिची आठवण काढतात ती या उत्साहासाठी, आणि माझ्या मते ती आठवण रास्त आहे. भारतात बनलेल्या छोट्या गाड्यांमध्ये इतके मोकळे फिरणारे इंजिन विरळाच. त्यात आणखी एक वेगळेपण होते. मारुती ८०० च्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा होता, झेनचे इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचे. ऊसशेतीला पाणी उपसणारी ऑइल इंजिने बनवता बनवता ज्या शहराचा फाउंड्री उद्योग वाढला, त्या कोल्हापूरच्या वाचकाला या बदलाचे वजन वेगळे सांगायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांमध्ये आजही प्रामुख्याने लोखंड ओतले जाते. ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनांना ते हवेच असते, पण छोट्या गाडीच्या ब्लॉकमधून मात्र ते हळूहळू हद्दपार झाले.

त्यानंतरचा मोठा बदल धुराच्या नियमांनी घडवला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी धूर शुद्ध करणारा भाग, निकामी होतो. एप्रिल २००० पासून नवे उत्सर्जन निकष देशभर लागू झाले आणि छोट्या गाड्यांतून हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आले. सप्टेंबर १९९८ मध्ये आलेल्या ह्युंदाईच्या सँट्रोत ते आधीपासूनच होते. थंडीत चोक ओढण्याची गरज संपली हे सगळ्यांना कळले. दुसरा फायदा मात्र अजूनही पुष्कळांच्या लक्षात आलेला नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्शनची संगणकीय यंत्रणा पेट्रोल पूर्ण बंद करते आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. म्हणजे पन्हाळ्यावरून उतरताना न्यूट्रल केलेली गाडी आयडलिंगला पेट्रोल जाळते, तर गिअरमध्ये उतरणारी गाडी त्या काळात जवळपास काहीच जाळत नाही आणि वर इंजिनाचा ब्रेकही मिळतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे आणि ती तेव्हाही धोक्याचीच होती.

आता शीर्षकातल्या आकड्याकडे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत. अशा गाड्यांवरचे अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. मे २००५ मध्ये आलेल्या मारुतीच्या स्विफ्टचे पेट्रोल इंजिन १,२९८ सीसीचे होते. ते सवलतीत बसेना. २०१० मध्ये त्याच गाडीत १,१९७ सीसीचे नवे इंजिन आले. ह्युंदाईच्या १.२ लिटर इंजिनाचा आकडाही १,१९७ हाच आहे. मर्यादेच्या अगदी काठावर उभा असलेला हा आकडा अर्थसंकल्पाच्या कागदावरून इंजिनात उतरला.

त्याच सुमाराला तीन सिलिंडरांचे इंजिनही नव्या रूपात परतले. ऑगस्ट २०१० च्या अल्टो के१० मधील ९९८ सीसीच्या इंजिनात व्यास ७३ आणि स्ट्रोक ७९.५ मिलिमीटर होता, म्हणजे झेनच्या अगदी उलट. यामागचे कारण समजण्याजोगे आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरची, झडप मिटवून आवरली जाते, आणि झडप जितकी मिटलेली तितके हवा आत ओढायला पिस्टनला जास्त श्रम पडतात. छोट्या इंजिनात झडप जास्त उघडी ठेवावी लागते, म्हणून ते श्रम वाचतात. एक सिलिंडर कमी झाला की घर्षणही कमी होते. लांब स्ट्रोकमुळे ज्वलनकक्ष आटोपशीर राहतो, त्याच्या भिंतींतून उष्णता कमी वाया जाते आणि कमी फेऱ्यांवरच उठाव मिळतो. तोटा कंपनाचा. तीन पिस्टनांची वरखाली होणारी बले एकमेकांना रद्द करतात, पण पहिला आणि तिसरा पिस्टन मिळून इंजिनाला टोकापासून टोकापर्यंत डोलवतात. सिग्नलला थांबल्यावर सीटखाली जाणवणारी थरथर तीच. रबरी माउंट चांगले असले तर ती बरीच शोषली जाते.

वजन कमी करण्याची दुसरी बाजू जानेवारी २०१४ मध्ये समोर आली, जेव्हा ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने तपासलेल्या पाच भारतीय छोट्या गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पुढे एबीएस (ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा), एअरबॅग आणि धडक चाचण्या सक्तीच्या झाल्या. त्यामुळे वाढणारे वजन उच्च ताकदीच्या पोलादाने भरून काढावे लागले.

मे २०२४ च्या स्विफ्टमध्ये हा प्रवास आणखी पुढे गेला आहे. सीसी तेच १,१९७, पण सिलिंडर चारऐवजी तीन, व्यास ७४ आणि स्ट्रोक तब्बल ९२.८ मिलिमीटर. जुन्या चार सिलिंडरांच्या इंजिनाची सुमारे ९० अश्वशक्ती असलेली कमाल ताकद ८२ वर आली. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मात्र ११२ न्यूटन-मीटरच्या आसपास म्हणजे जवळपास तेवढाच राहिला आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २४.८ किलोमीटर झाले. या स्ट्रोकला ६,००० फेऱ्यांवर पिस्टनचा वेग सेकंदाला १८ मीटरच्या पुढे जातो, म्हणून हे इंजिन पिळून काढण्यात अर्थ नाही. राजारामपुरी ते कसबा बावडा अशा रोजच्या फेऱ्यांत ते कमी फेऱ्यांवर सहज ओढते. महामार्गावर ओव्हरटेक करताना जुन्या इंजिनाचा जोश आठवेल, यात शंका नाही. प्रमाणित ॲव्हरेजचा आकडा ज्या चाचणीतून येतो तिचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच असतो, त्यामुळे पुणे–बेंगळुरू महामार्गावर ११० ने धावणाऱ्या गाडीने तो आकडा द्यावा ही अपेक्षा योग्य नाही.

इंधनही आता बदलले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि आता पंपावर तेच मिळते. इथेनॉलचा मोठा स्रोत ऊस असल्याने या जिल्ह्याचे दोन्हीकडून नाते आहे: ऊस पिकवणाराही इथला आणि टाकी भरणाराही इथला. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते, म्हणून या मिश्रणात ती साधारण ७ टक्क्यांनी घटते आणि तेवढ्या प्रमाणात ॲव्हरेज कमी होणे स्वाभाविक आहे. त्याच्या बदल्यात ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची इंधनाची क्षमता, वाढतो, आणि जास्त दाबाच्या नव्या इंजिनांना त्याचा उपयोग करून घेता येतो. जुन्या इंजेक्शनच्या गाड्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने पेट्रोलचे प्रमाण आपोआप थोडे वाढवतात. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला मात्र ते जमत नाही. जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचे, छिद्र ठरलेले असल्याने मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि चढावर अडखळते. अशा गाडीचा जेट बदलून मिश्रण नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्या लागतात.