पाऊस अडवून पाहिलेलं जंगल

हवामान बदललं की जंगलाचं काय होतं, हे कळायला एक तर वर्षानुवर्षं वाट पाहायची, नाहीतर तो बदल मुद्दाम घडवून आणायचा. पूर्व ॲमेझॉनमधल्या काशिउआना इथे संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. २००२ सालापासून एक हेक्टर जंगलात, जमिनीपासून एक-दोन मीटर उंचीवर त्यांनी प्लास्टिकचं छत घातलं. झाडांवरून खाली पडणारं सुमारे निम्मं पाणी पन्हाळींतून बाहेर सोडलं. कडेनं चर खणले, नाहीतर शेजारची ओल मुळांना मिळालीच असती. तुलनेसाठी तेवढाच तुकडा बाजूला उघडा ठेवला. मग टेप घेऊन बुंधे मोजत राहायचं. काम कंटाळवाणं, आणि निधी देणाऱ्यांना नेमकं हेच पटवणं अवघड.

सुरुवातीला जंगलानं दाद दिली नाही. काही वर्षांनी झाडं वठू लागली, तीही लहान नव्हे, मोठी. ती मेली कशानं, उपासमारीनं की तहानेनं? पाणी वाचवायला पानं आपली रंध्रं मिटतात, तेव्हा अन्न बनणंही थांबतं. पण तपासणीत झाडांमधली साखर फारशी घटलेली नव्हती. पुरावा तहानेकडे बोट दाखवत होता. ताण वाढला की पाणी वर नेणाऱ्या नलिकांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि प्रवाह तुटतो. उंच झाडांत हा धोका जास्त.

या प्रयोगाची मर्यादाही मोठी आहे. छतामुळे माती कोरडी झाली, हवा तापली नाही. खरा दुष्काळ उष्णता घेऊनच येतो.

उंच झाडांवर माणसंही जगतात. ब्राझील नटचं झाड ५० मीटरपर्यंत वाढतं, त्याचं फळ पिकायला वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणून २०१५-१६च्या एल निनोचा फटका बिया वेचणाऱ्यांना पुढे २०१७च्या हंगामात बसला, असं अभ्यासक मानतात. नुसते बुंधे मोजून हे हाती लागत नाही, वेचणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

असं विचारणं १९९२ साली अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी पद्धतशीरपणे सुरू केलं. वेगवेगळ्या देशांत एकाच पद्धतीनं जंगल मोजायचं आणि वापरणाऱ्यांचे नियमही नोंदवायचे. जिथे लोक स्वतः जंगलावर नजर ठेवतात, तिथे ते बरं टिकतं, असं दिसलं. मात्र कधी, किती तोडायचं, वेचायचं हे ठरलं ते जुन्या पावसाच्या भरवशावर. पाऊस सरकल्यावर गावं ते नियम किती लवकर बदलू शकतात, हे बुंध्यांइतक्याच चिकाटीनं मोजायला हवं. तसं अजून फारसं होत नाही.