कंपनी, कायदा आणि समाज (मराठवाड्याच्या संदर्भात)

कंपनी ही कायद्याने घडवलेली संस्था समाजावर काय परिणाम करते आणि समाज तिला कितपत जाब विचारू शकतो, याचा अभ्यास करणारे विद्याक्षेत्र. विधी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास या शाखा येथे एकत्र येतात. दोन कल्पना पायाभूत आहेत. कंपनी ही भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. इंग्लंडमधील सालोमन खटला (1897) हा त्याचा प्रसिद्ध दाखला. दुसरी कल्पना मर्यादित दायित्वाची : भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतेच राहते. त्यापलीकडचे नुकसान कोणाच्या पदरी पडते, हा कळीचा प्रश्न.

मराठवाड्यात तो सर्वांत लख्ख दिसतो बियाण्यात. महिको ही बियाणे कंपनी 1964 मध्ये जालन्यात सुरू झाली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र बनले. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणक्षमता किमान 70 टक्के असावी लागते. ते उगवले नाही, तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि हातची गेलेली ओल तर कोणीच भरून देत नाही. तक्रार तालुका समितीकडे जाते, पंचनामा होतो. पण सगळे बियाणे मातीत गेलेले; प्रयोगशाळेत पाठवायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात या अडचणीची दखल घेतली : शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि तो ग्राहक म्हणून ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) दाद मागू शकतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. म्हणूनच पावती, लेबल आणि रिकामी पिशवी ही या विषयाची अस्सल साधने होत. ती जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे अनुभव कायद्याच्या अभ्यासक्रमात यायला हवेत.

पाण्याचा वाद याच जातीचा. 2016 च्या दुष्काळात याच खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी 50 आणि नंतर 60 टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांची कपात त्याहून कमी होती. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. मात्र या खर्चाने पाणीवाटपाचा प्रश्न सुटत नाही. दोन्हींची गल्लत होऊ नये.

उच्च शिक्षणात छत्रपती संभाजीनगरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ (2017) महत्त्वाचे आहे.

अलीकडे शेतकरी स्वतःच कंपनी काढू लागले, हा या अभ्यासातला सर्वांत आशादायक भाग. 2002 च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीची तरतूद झाली. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात, आणि सभासद व्यक्ती असतील तर भाग कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत. सहकारातले हे तत्त्व कंपनीच्या चौकटीत आले. सोयाबीन, तूर, हरभरा यांची एकत्रित विक्री तिच्यामार्फत करता येते. येथे मर्यादित दायित्वाचे संरक्षण शेतकऱ्याला मिळते. पण कर्जासाठी संचालकांकडून वैयक्तिक हमी घेतली गेली, तर कंपनी बुडाल्यावर वसुली त्यांच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते.