पालकाच्या मुळाची फसगत

पालेभाजी हळद-मिठाच्या पाण्यात वीस मिनिटे बुडवून ठेवली की तिच्यातले जड धातू निघून जातात, असा संदेश मध्यंतरी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला आणि त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर पालकाची जुडी पिवळ्या पाण्यात पडलेली दिसली. पाणी ओतल्यावर पातेल्याच्या तळाशी चिमूटभर काळपट माती उरली होती. ती गेली हे बरेच झाले. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झाले असले, तरी रस्त्याकडेच्या जमिनीवर तोवर बसलेले शिसे अजून तिथेच आहे, आणि पालेभाजीतल्या शिशाचा बराचसा भाग मुळांतून न येता धुळीच्या रूपाने पानांवर बसलेला असतो. त्यासाठी नळाचे वाहते पाणी पुरते. कॅडमियम या दुसऱ्या जड धातूचे तसे नाही. ते पानावर नसते, पानाच्या पेशींत असते, आणि पालकाने स्वतःच ते तिथे नेऊन ठेवलेले असते. हळदीचा तिथे हातच पोहोचत नाही.

पालक असे का करतो, याचे उत्तर आवर्तसारणीत आहे. जस्ताच्या बरोबर खालच्या घरात कॅडमियम बसते. 1817 साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे फ्रीड्रिख श्ट्रोमायर यांना ते सापडले तेही जस्ताच्या कार्बोनेटात. त्या नमुन्यात लोह नसतानाही तो तापवल्यावर पिवळट का पडतो, याचा शोध घेताना हा नवा धातू हाती लागला. दोन्ही धातूंच्या आयनांवर दोन धनप्रभार असतात आणि त्यांची रासायनिक वागणूक पुष्कळशी सारखी असते. मुळाच्या पेशींभोवतीच्या पटलात जस्त, लोह, मँगनीज आत घेणाऱ्या प्रथिनांची दारे असतात, आणि त्यांतूनच कॅडमियमही आत शिरते. स्वच्छ खडकात किलोमागे साधारण 70 मिलिग्रॅम जस्त असते, तर कॅडमियम जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम. पाचशे जस्तांमागे एखादे कॅडमियम येत असेल, तर दारावर कडक पहारा ठेवण्याची गरज वनस्पतीला कधी पडलीच नाही. शहराच्या कडेला विद्युतविलेपनाचे (इलेक्ट्रोप्लेटिंगचे) कारखाने, बॅटऱ्या आणि रंगद्रव्ये आल्यावर ही गुणोत्तरे बिघडली. दारे मात्र जुनीच राहिली. आत शिरलेले कॅडमियम पाण्याबरोबर वर चढते आणि ज्या पानांतून बाष्पोत्सर्जन जास्त होते तिथे साठते, म्हणून टोमॅटोपेक्षा पालक किंवा मेथीबद्दल अधिक काळजी असते. पालेभाजीसाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांतली मर्यादा किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आहे. एवढ्या प्रमाणाने पालकाचे काहीच बिघडत नाही. जुडी हिरवीगार आणि टवटवीत दिसते. खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात मात्र साठलेले कॅडमियम निम्मे व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात.

आता मातीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मातीत एकूण कॅडमियम किती, यापेक्षा त्यातले किती मुळाच्या हाती लागते, हे महत्त्वाचे असते. पॅरिसच्या वायव्येला पिएरले नावाचे मैदान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शंभर वर्षे तिथल्या वाळूमिश्रित जमिनीवर शहराचे मैलापाणी सोडले गेले आणि त्यावर भाजीपाला पिकवला गेला. 2000 च्या सुमारास तिथे भाजी लावण्यास बंदी झाली आणि आता त्या जागेवर हजाराहून अधिक हेक्टरांचे जंगल लावण्याचे काम चालू आहे. पुण्याचे सांडपाणीही शेतीला जाते; मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, ते ‘बेबी’ नावाच्या कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडकडच्या शेतांना मिळते. पण दख्खनची काळी जमीन म्हणजे पॅरिसची वाळू नव्हे. बेसाल्ट झिजून झालेल्या या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि प्रत्येक पापुद्र्यावर ऋणप्रभार असतो. एरवी तिथे कॅल्शियमचे आयन चिकटलेले असतात. कॅडमियमच्या आयनाची त्रिज्या 0.095 नॅनोमीटर, कॅल्शियमची 0.1, त्यामुळे एकाला सारून दुसरे सहज त्या जागी बसते. त्यात नांगरताना वर येणारे चुनखडीचे पांढरे खडे असतातच. त्यांच्या पृष्ठभागावर कॅडमियम कार्बोनेट होऊन अडकते. मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा, pH) आठच्या आसपास असेपर्यंत ही पकड घट्ट राहते आणि सामू उतरू लागला की सुटत जाते.

म्हणून आपली जमीन सुरक्षित आहे, असे समजायचे कारण नाही. मैला कुजतो, कीटकनाशकाचे रेणूही कालांतराने तुटतात. धातूचा अणू तुटत नाही, त्यामुळे पकडलेले सगळे वर्षानुवर्षे साठतच जाते. शिवाय सांडपाण्यात आपण खाल्लेले मीठ असते आणि शुद्धीकरण प्रकल्पात ते निघत नाही. त्यातला क्लोराइडचा आयन कॅडमियमला बिलगला की दोनऐवजी एकच धनप्रभार उरतो, आणखी एक क्लोराइड आला की तोही जातो, आणि मातीच्या ऋणप्रभाराला धरायला काही राहत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात खारट पाण्यावरच्या बटाट्यांत कॅडमियम वाढलेले आढळले, ते याच कारणाने. म्हणजे भाजी धुताना ज्या मिठाने कॅडमियम जाईल असे आम्हांला सांगितले होते, तेच मीठ शेतात असले तर कॅडमियम भाजीत अधिक येते.

‘विषमुक्त’ असा शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या भाजीबद्दलही इथेच बोलायला हवे. फवारणी केली नाही याचा अर्थ धातू नाहीत असा होत नाही. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम खत नियंत्रण आदेशानेच चालते, आणि न वर्गवारलेल्या कचऱ्याच्या ढिगात एक फुटका सेल काय करतो, हे ज्याने त्याने ताडावे.

शेतकऱ्याच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात. त्यांत कॅडमियम नाही. पण सामू आहे, क्षारतेसाठी विद्युतवाहकता आहे आणि जस्त आहे, आणि वर सांगितलेले बहुतेक सगळे या तीन आकड्यांत दडलेले आहे. महाराष्ट्राच्या पुष्कळ जमिनींत जस्त कमी पडते. उपाशी झालेले मूळ जस्तासाठी जादा दारे उघडते आणि त्यांतून कॅडमियमही आत येते. जस्त पुरेसे असले की दारे मिटतात. त्यासाठी टाकायचे झिंक सल्फेट मात्र चांगल्या प्रतीचे हवे. त्याच खत नियंत्रण आदेशात झिंक सल्फेटमधल्या कॅडमियमलाही मर्यादा घातलेली आहे, 0.0025 टक्के, कारण हे दोन्ही धातू खाणीतून आजही एकाच दगडात बाहेर येतात.