मृगाच्या पोटातली धडक

उत्तरायणाची रात्र. पतंग उतरले होते, मांजा फिरकीवर गुंडाळून झाला होता आणि रावपुऱ्यातल्या आमच्या अगाशीवर उंधियूचे रिकामे वाडगे तेवढे उरले होते. भाचीच्या हातात दुर्बीण दिली. मृगाच्या पोटात घुसलेला व्याधाचा बाण दाखवला आणि त्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली बघ म्हटलं.

"मावशी, इथला एक तारा पुसल्यासारखा दिसतोय. काच खराब झालीय का?"

काच ठीक होती. ती पुसट खूण म्हणजे सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा वायूचा उजळलेला ढग, मृगातला तेजोमेघ आहे आणि त्यात आजही तारे जन्मत आहेत.

ढग म्हटलं की आपल्याला विश्वामित्रीवर दाटून आलेला आषाढ आठवतो. तारे जिथे घडतात तो रेणवीय मेघ मात्र फार विरळ असतो. एका घन सेंटिमीटरमध्ये काहीशे ते काही हजार रेणू, बहुतेक हायड्रोजनचे. तापमान उणे २६३ अंशांच्या आसपास. पण पसारा कित्येक प्रकाशवर्षांचा, त्यामुळे एकूण वस्तुमान हजारो सूर्यांएवढं भरू शकतं. स्वतःचं गुरुत्व त्याला आत ओढतं, तर आतली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र त्याला तोलून धरतात.

अशा मेघावर दुसरा मेघ सेकंदाला १० किलोमीटर वेगाने येऊन आदळला तर? या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायलाच ३०,००० वर्षं लागतात. तरीही ही धडक प्रचंड असते, कारण इतक्या थंड वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर. विसर्जनाच्या दिवशी मांडवीत दोन मिरवणुका समोरासमोर आल्या, की पुढचे थांबल्याची बातमी मागे पोहोचायच्या आत मागचे रेटत राहतात. वायूतही दाबाची बातमी ध्वनीच्याच वेगाने जाते आणि इथे धडक तिच्या ५० पट वेगवान. समोरच्या वायूला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. तो एका पातळ थरात चेपला जातो. हाच आघाततरंग.

खरी मेख यापुढे आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या मारला, तर पंप गरम होतो आणि आतली हवा उलट ढकलायला लागते. मेघातला वायूही धडकेने क्षणभर हजारो अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता आतच राहिली असती, तर घनता चौपट-सहापट वाढून गाडी अडली असती. पण हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याचे रेणू, शिवाय धूलिकण, ती ऊर्जा अवरक्त आणि रेडिओ किरणांच्या रूपाने बाहेर फेकून देतात. वायू पुन्हा गार होतो आणि आणखी दबतो. सगळी उष्णता निघून गेली, तर हिशेबाने घनता ५० चा वर्ग, म्हणजे २,५०० पट व्हावी. वायूबरोबर चुंबकीय क्षेत्रही चेपलं जातं आणि प्रतिकार करतं, म्हणून प्रत्यक्षात ती कमी भरते. तरीही त्या थरात गुरुत्वाचं पारडं जड व्हायला एवढी वाढ पुरते. मला या सगळ्या प्रकरणात हा थंडावाच सर्वांत विलक्षण वाटतो.

लाखो वर्षं चालणारी टक्कर कुणी बघू शकत नाही, पण तिच्या खुणा सापडतात. १९७० मध्ये मृगाच्याच तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइडचा रेडिओ संदेश प्रथम मिळाला. त्याच्या वारंवारतेतल्या फरकावरून मेघाचा वेग कळतो. वेगवेगळ्या वेगांचे दोन मेघ आणि त्यांना जोडणारा, मधल्या वेगांचा वायूचा पूल दिसला, की धडकेचा संशय बळावतो. दुसरी खूण सिलिकॉन मोनॉक्साइडची. एरवी सिलिकॉन धूलिकणांत अडकलेलं असतं. जोरदार आघाताने कण झिजतात, फुटतात, तेव्हा ते वायूत मोकळं होतं.

२०१८ मध्ये जपानच्या यासुओ फुकुई यांच्या गटाने मांडलं, की भाचीने पाहिलेल्या तेजोमेघातही सुमारे १ लाख वर्षांपूर्वी दोन मेघ आदळले आणि तिथले जड तारे त्यातून घडले. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या ३० पटींहून जड आहे. एवढा तारा घडायचा तर त्याच्या प्रखर प्रकाशाने भोवतालचा वायू उडवून लावायच्या आत भरपूर वायू त्याच्यावर पडायला हवा. दाट चेपलेल्या थरात ते जमू शकतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. एकाच मेघातल्या खळबळीमुळेही वेगांत असा फरक दिसू शकतो, असं इतरांचं म्हणणं आहे.

भाचीने तोवर दुर्बीण कठड्यावर टेकवून स्थिर केली होती. "मावशी, पुसट डागाच्या आत बारीक तारे आहेत," ती म्हणाली आणि मोजायला लागली.