जिवाणू निघून जातो, मग सापडतं काय?

टोमॅटोचं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं आणि दोन-चार दिवसांत, पानं अजून हिरवी असतानाच, सगळं लोळतं. शेतकरी म्हणतो, ‘मर लागली.’ पण मर बुरशीनंही लागते आणि जिवाणूनंही. बुरशीवरचं औषध जिवाणूवर चालेलच असं नाही, म्हणून आधी कोणती मर ते कळायला हवं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा धारदार चाकूनं कापायचा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचं आणि कापलेलं टोक पाण्याला टेकेल असा तो धरायचा. हात हलू द्यायचा नाही. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरू लागते. ही धार म्हणजे राल्स्टोनिया सोलॅनेसिरम हे जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला चिकट द्रव. तो चिकटा झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवतो. मुळाशी ओल असूनही झाड तहानेनं मरतं.

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूचा रोगही असाच सापडतो. तेलकट डागाचा छोटा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोंढा बाहेर पडताना दिसतो.

ग्लासातली ती धार पाहताना मला दरवेळी नवल वाटतं. एरवी डोळ्यांना न दिसणारा जीव इतक्या प्रचंड संख्येनं जमतो की साध्या डोळ्यांनी दिसतो. पण असं भाग्य क्वचितच लाभतं. पाण्यात, अन्नात आणि माणसाच्या शरीरात रोगाचा जिवाणू शोधायला जावं, तर बहुतेक वेळा तो फार थोडा उरलेला असतो किंवा केव्हाच निघून गेलेला असतो.

आधी पाण्याचं पाहू. विहिरीत गटाराचं पाणी मुरलं तर त्यात विषमज्वराचे, पटकीचे (म्हणजे कॉलऱ्याचे), हगवणीचे जंतू असू शकतात. पण ते आज असतील, उद्या नसतील. या बाटलीत येतील, शेजारच्या बाटलीत येणार नाहीत. प्रत्येकाला वेगळं शोधत बसलो तर गाव आजारी पडेपर्यंत उत्तर मिळणार नाही. म्हणून शोधतात तो भलताच जिवाणू, ई. कोलाय. थिओडोर एशेरिच या डॉक्टरनं १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात तो पाहिला. धडधाकट माणसाच्या आतड्यातही तो राहतो, त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात आणि रोज शौचावाटे तो अफाट संख्येनं बाहेर पडतो. पाण्यात तो सापडला तर अर्थ एकच: कुठून तरी मैला या पाण्यापर्यंत पोचला आहे. मैला पोचला त्या वाटेनं रोगही येऊ शकतो. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. (उलट बाजूची हमी मात्र यात नाही. काही विषाणू आणि परजीवी ई. कोलायपेक्षा चिवट असतात. तो मेला तरी ते तगून राहतात.)

या तपासणीतली एक बारीक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाटेतही जंतू मारत राहील आणि नळाशी खराब असलेलं पाणी टेबलावर स्वच्छ ठरेल. थायोसल्फेट क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करतं. बाटली बर्फाच्या पेटीतून नेतात तीही याच काळजीनं, की वाटेत जंतू मरायलाही नकोत आणि वाढायलाही नकोत.

खेड्यात हे सगळं दरवेळी कसं जमणार? ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली त्यावर सोपी तोड प्रसिद्ध केली. मैल्यातले बरेच जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. बाटलीत पोषक द्रव्यांसोबत लोहाचा क्षार ठेवला, तर हा वायू त्याच्याशी संयोग पावतो आणि काळंकुट्ट आयर्न सल्फाइड तयार होतं. पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं. काळं झालं तर पाणी संशयास्पद. ना सूक्ष्मदर्शक, ना उबवण्याची पेटी.

पटकीच्या बाबतीत तर जिवाणू हाती लागूनही कोडं सुटलं नव्हतं. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८८४ साली कलकत्त्यात होता. रुग्णांच्या आतड्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू मिळाला आणि लोक वापरत त्या तलावाच्या पाण्यातही मिळाला. तो विष सोडत असावा, असा कॉखचा अंदाज होता, पण ते विष कुणाला सापडेना. सापडलं ते ७५ वर्षांनी, १९५९ साली, त्याच कलकत्त्यात. तिथले शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी पटकीचे जिवाणू द्रवात वाढवले, तो द्रव गाळून त्यातले जिवाणू काढून टाकले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात टोचला. एकही जिवाणू नसताना ते आतडं पाण्यानं टम्म फुगलं.

या साध्या प्रयोगाचं मोल फार मोठं आहे. पटकीत आतड्याचं अस्तर कुजत किंवा फाटत नाही. विषामुळे ते क्षार आणि पाणी बाहेर ओतत सुटतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात ते त्यामुळे. अस्तर शाबूत असल्यानं साखर आणि मीठ एकत्र दिलं तर ते दोन्ही शोषून घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत येतं. जलसंजीवनी पटकीच्या रोग्यालाही वाचवते ती याच कारणानं. डे यांना आयुष्यात मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, याची खंत वाटते.

अन्नातही हाच खेळ चालतो. भात शिजला तरी बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू त्यात जिवंत राहतात. पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं तर ते रुजतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही विष तयार करतात. सकाळी फोडणीचा भात कितीही खरपूस परतला तरी ते विष नाहीसं होत नाही. जिवाणू मरतो आणि उलट्या तरीही होतात. भात उरला तर थोडा निववून लवकर फ्रीजमध्ये ठेवावा.

आणि २०२५चा जानेवारी. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत हातापायांतली ताकद जाऊन लोक रुग्णालयात येऊ लागले. आजार होता गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. पाहता पाहता संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत शौचाचे नमुने तपासले, तेव्हा काहींत नोरोव्हायरस आणि काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला.

कॅम्पिलोबॅक्टरला पकडणं अवघड. कोंबडीच्या आतड्यात तो सुखानं राहतो आणि पक्ष्यांचं शरीर आपल्यापेक्षा गरम असतं. म्हणून प्रयोगशाळेत त्याला ४२ अंशांची ऊब लागते आणि हवेतल्यापेक्षा खूप कमी, पाचेक टक्के प्राणवायू लागतो. नेहमीच्या बशीवर, नेहमीच्या हवेत तो उगवतच नाही, त्यामुळे तिथे ‘काही सापडलं नाही’ हे उत्तर फसवं ठरतं.

त्यात वेळही चुकते. आधी जुलाब होतात आणि बरे होतात. एक ते तीन आठवड्यांनी पाय लटपटू लागतात. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली काही रेणूंची नक्षी आपल्या मज्जातंतूंवरच्या नक्षीशी जुळते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच मज्जातंतूंवर उलटतात. रुग्ण रुग्णालयात पोचतो तोवर जिवाणू बहुधा गेलेला असतो, त्यामुळे कधी जिवाणूच्या जनुकांचे अवशेष, तर कधी रक्तातली प्रतिपिंडं शोधावी लागतात. जुलाब झालेल्यांपैकी फारच थोड्यांना जीबीएस होतो. पण ज्याला होतो त्याला कधीकधी कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं आणि पुन्हा चालायला महिने लागतात.

इतका गुंतागुंतीचा हा जिवाणू उकळीला टिकत नाही आणि क्लोरीनलाही टिकत नाही. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत उरलेलं असावं, असा नियम आहे. ते आहे का, हे गावागावात ओटी टेस्टनं पाहतात: छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि लगेच रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. ही चाचणी टाकीजवळच्या नळाला नव्हे, तर वस्तीच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या घरच्या नळाला करायची.