पार्श्वभूमी : ‘कुपोषित’ म्हणजे नेमके कोण?

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरले की मेळघाटचा प्रश्न ठरलेला. यंदा किती बालके दगावली, आणि त्यातली कुपोषणाने किती? उत्तराचा साचाही ठरलेला. मृत्यू झाले हे खरे, पण ते न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, जन्मतः कमी वजन, मुदतीआधीचे बाळंतपण अशा कारणांनी, कुपोषणाने नव्हेत. विरोधक सभात्याग करतात, दुसऱ्या दिवशी मथळा येतो, आणि प्रश्न पुढच्या हिवाळ्यापर्यंत फायलीत जातो.

त्या उत्तरात खोटे असे काही नसते, हीच त्याची अडचण आहे. मृत्यूच्या नोंदीत ‘कुपोषण’ हे कारण क्वचितच येते, कारण मूल शेवटी कोणत्या तरी आजारानेच जाते. न्यूमोनिया धडधाकट पोराला आठवडाभर अंथरुणावर पाडतो आणि उठू देतो; हाडे वर आलेल्या पोराला तो उठू देत नाही. जगभरात पाच वर्षांखालच्या सुमारे निम्म्या बालमृत्यूंच्या मुळाशी अपुरे पोषण असते, हे वैद्यकात आता वादाचे राहिलेले नाही. त्यामुळे ‘कुपोषणबळी’ हा वर्तमानपत्री शब्द आणि ‘बालमृत्यू’ हा सरकारी शब्द एकाच मुलाबद्दल असू शकतात.

मागचा काळ थोडक्यात. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडे पीठ, विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते, आणि अंगणवाडीतून मिळणाऱ्या कोणत्याही पुड्याला कित्येक गावांत आजही सुकडीच म्हणतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या प्रकल्पांत मुंबईतली धारावी होती, आणि मेळघाटातले धारणीही होते. म्हणजे तिथे योजना उशिरा पोचली असे म्हणायची सोय नाही. ती पहिल्याच दिवशी पोचली होती. तरीही १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवरून बालमृत्यूंच्या बातम्या यायला लागल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १९९५मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्याआधी धान्य पोचवणे, पाणी शुद्ध करणे, फिरती आरोग्य पथके, हे सगळे तिच्यातले. जून ते सप्टेंबर हे तिकडचे जीवघेणे महिने. घरातले धान्य संपलेले, नाले भरलेले, आणि हगवण-ताप याच दिवसांत.

विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, त्याच वर्षांत वेगळेच काही चालले होते. १९९३ ते १९९८ या काळात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवले गेले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ही पद्धत १९९९मध्ये जगापुढे आली आणि देशाने घरोघरी नवजात बालसेवा म्हणून ती २०११मध्ये स्वीकारली. मधली बारा वर्षे कशात गेली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खरा गुंता मोजमापाचा. आज जे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले जातात, त्यांतले निम्मे भांडण तक्ता बदलल्यामुळे झालेले आहे.

जुन्या अंगणवाडी सेविकांच्या बोलण्यात ‘श्रेणी’ हा शब्द येतो. पहिल्या श्रेणीचे पोर, चौथ्या श्रेणीचे पोर. तुळईला टांगलेला गोल काटा, त्याच्या आकड्यात अडकवलेली चड्डी, तिच्यात बसवलेले आणि काट्यासकट गरगर फिरणारे, भोकाड पसरलेले मूल; आणि त्याच्या वजनाची त्या वयाच्या अपेक्षित वजनाशी टक्केवारी. ८० टक्क्यांवर साधारण, ७० ते ८० पहिली श्रेणी, ६० ते ७० दुसरी, ५० ते ६० तिसरी, ५०च्या खाली चौथी. तिसरी-चौथी म्हणजे तीव्र कुपोषित. तक्त्याचे मूळ माप अमेरिकी मुलांचे होते आणि मुलगा-मुलगी दोघांना एकच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये नवे मानक आणले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, नीट दूध-अन्न मिळालेली मुले मोजून ते केले होते. भारताने २००८मध्ये ते घेतले. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. श्रेणी गेल्या, ‘मध्यम कमी वजन’ आणि ‘तीव्र कमी वजन’ आले.

यात काय घडले ते दोन मुलींवरून पाहू. दोघीही बरोबर दोन वर्षांच्या. जुन्या तक्त्यात या वयाला अपेक्षित वजन सुमारे साडेबारा किलो. पहिली ९.४ किलोची, म्हणजे ७५ टक्के. जुन्या हिशेबाने पहिली श्रेणी, कुपोषित. नव्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीची खालची रेघ ९ किलोवर आहे. ही तिच्या वर, म्हणून सर्वसाधारण. दुसरी ७.९ किलोची. जुन्या तक्त्यात ६३ टक्के, दुसरी श्रेणी, तीव्र नव्हे. नव्यात ८.१च्या खाली, म्हणून तीव्र कमी वजनाची. दोघींच्या ताटात काहीच बदललेले नाही. तरी एकूण कुपोषितांची यादी आखूड झाली आणि तीव्र कुपोषितांची लांबली. त्या वर्षांत कोणी ‘कुपोषण घटले’ म्हणाले, कोणी ‘तीव्र कुपोषण वाढले’ म्हणाले. दोघांच्याही हातात सरकारीच कागद होता.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभले असते. पाठोपाठ सॅम आणि मॅम आले, अतितीव्र आणि मध्यम तीव्र कुपोषित. ही वर्गवारी वयाला वजन पाहत नाही; उंचीला वजन किंवा दंडाचा घेर पाहते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की दंडाला गुंडाळलेली रंगीत पट्टी लाल दाखवते. आता वयाच्या मानाने खुजे राहिलेले पोर उंचीच्या मानाने ठीक भरते आणि सॅममधून निसटते, मात्र तीव्र कमी वजनाच्या रकान्यात राहते. उंची मोजताना पोराने गुडघा वाकवला तर उंची कमी लागते आणि सॅमचे पोर कागदावर मॅम होते. दंडाच्या पट्टीने सापडणारी मुले आणि उंची-वजनाने सापडणारी मुले पुरती एक नसतात. अधिवेशनात ‘कुपोषित बालके’ म्हणून जो आकडा वाचला जातो, तो यातल्या कोणत्या रकान्यातला, हे विचारणारा आमदार विरळा.

सॅम ठरले की पुढची वाट आखलेली आहे: गावातले ग्राम बालविकास केंद्र, मग बाल उपचार केंद्र, मग पोषण पुनर्वसन केंद्र, आणि फारच बिघडले तर अमरावती किंवा नागपूरचे मेडिकल. त्या मुलाला खायला काय द्यायचे यावरही भांडण झालेच. बाहेरून आयात केलेली शेंगदाण्याची तयार पेस्ट केंद्र सरकारने २००९मध्ये थांबवायला लावली. २०१७मध्ये महाराष्ट्र पुन्हा अशा तयार पेस्टच्या पाकिटाकडे वळला तेव्हा हे धोरणात बसत नाही असे केंद्राने राज्यांना कळवले. पाकिटाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: कमी खाणाऱ्या पोटात जास्त ऊर्जा जाते. विरुद्ध बाजूचा मुद्दा पैशाचा. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच सांगितले होते. राज्याची घरपोच आहाराची ६,३०० कोटींची निविदा २०१९मध्ये तिथेच रद्द झाली. त्यामानाने आदिवासी भागातल्या अमृत आहाराचे, गरोदर बाईला एक वेळ चौरस ताट आणि मुलांना अंडे किंवा केळी, यश-अपयश फारसे कोणी मोजत बसले नाही. ताजे शिजवलेले अन्न बातमीत येत नाही.

मग करोना आला, शिजवणे बंद झाले, कोरडा शिधा घरी जाऊ लागला. घरात गेलेला शिधा सगळ्या घराचा होतो. २०२१मध्ये नोंदी पोषण ट्रॅकर या ॲपवर गेल्या. इंग्रजी ॲप आणि बंद पडणारे फोन यांना वैतागून ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोनच परत केले.

या सगळ्यात हालले काय? राज्याचा अर्भक मृत्युदर २००५मध्ये हजारी ३६ होता, २०२०मध्ये १६. हे मोठे काम आहे. पण मुलांची अंगे भरली नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुजी मुले २००५-०६ साली ४६.३ टक्के होती, २०१५-१६ साली ३४.४ आणि २०१९-२१ साली ३५.२. उंचीच्या मानाने कृश मुले १६.५वरून २५.६वर गेली आणि तिथेच राहिली. त्यातली अतिकृश ५.२वरून ९.४ आणि मग १०.९. रक्तक्षय असलेली मुले २०१५-१६ साली ५३.८ टक्के होती, २०१९-२१ साली ६८.९. पूर्व विदर्भात त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर, म्हणजे नुसत्या लोहाच्या औषधाने हिशेब सुटत नाही. जी मुले पूर्वी वाचत नव्हती ती वाचतात आणि बारीकच राहतात, असा याचा एक अर्थ लावता येतो.

आणि मोजायला मूल जागेवर असावे लागते. दिवाळी झाली की मेळघाटातली कोरकू कुटुंबे सोयाबीन-हरभऱ्याच्या रानांत, बांधकामांवर, अमरावती, अकोला, नागपूरकडे उतरतात आणि होळीला परततात. आई दिवसभर कामावर, धाकटे सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अधिवेशनात मेळघाटचे उत्तर वाचले जाते ते नेमके याच दिवसांत. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या महिन्याच्या वजनाच्या जागी एकच शब्द असतो, स्थलांतरित.