स्टॉकहोममधले दोन दिवस : मुलाबाळांसह आणि आजी-आजोबांसह जाणाऱ्यांसाठी

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे, एवढाच वेळ असेल तर आधी तासांचा हिशेब मांडा. शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हणजे आठ तास, आणि रविवारी विमानतळाकडे निघेपर्यंत फार तर पाच-सहा. त्यातून जेवण, शी-शू, बाबागाडीची उघडझाप आणि 'मला आता चालवत नाही' हे सगळे वजा केले, की हाताशी नऊ-दहा तास उरतात. तेवढ्यात धड बघून होतात चार गोष्टी. आमच्याकडे येणाऱ्या याद्यांत अकरा असतात. हे पत्रक त्या अकरांतून चार कशा निवडायच्या आणि बाकीचा वेळ कुठे गळतो, एवढ्यापुरतेच आहे.

तिकीट काढण्याआधी विमानतळाचे नाव नीट वाचा

शहराचा मुख्य विमानतळ आर्लांडा, उत्तरेला सुमारे 40 किलोमीटरवर. स्वस्त विमानांच्या यादीत 'स्टॉकहोम स्काव्स्ता' असेही नाव दिसते. तो दक्षिणेला जवळजवळ 100 किलोमीटरवर आहे आणि तिथून बसने शहर गाठायला सव्वा-दीड तास लागतो. तिकिटात वाचलेले पैसे चौघांच्या बसभाड्यात जातात आणि शुक्रवारची संध्याकाळही जाते. दोनच दिवस असतील तर आर्लांडाच घ्या.

आर्लांडाहून शहरात यायला तीन मार्ग आहेत. आर्लांडा एक्सप्रेस ही गाडी 20 मिनिटांत मध्यवर्ती स्टेशनात आणते. महाग आहे, पण मोठ्या माणसाच्या तिकिटावर 18 वर्षांखालची मुले फुकट येतात, त्यामुळे दोन मोठे आणि दोन मुले असा हिशेब केला तर वाटते तेवढी महाग पडत नाही. दुसरी लोकल, म्हणजे तिकडची 'पेन्देलतोग'. तिला सुमारे 40 मिनिटे लागतात. मात्र विमानतळाच्या स्टेशनात शिरायचे वेगळे शुल्क तिकिटावर चढते आणि ते ऐन फाटकाशी कळले की लोक चिडतात. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त: 583 क्रमांकाच्या बसने मॅर्श्ता आणि तिथून लोकल, सगळे शहराच्या साध्या तिकिटात. तासभर लागतो आणि सामान एकदा चढवा-उतरवायचे. रात्री आठनंतर झोपाळलेले मूल कडेवर असेल तर हा तिसरा मार्ग आम्ही सुचवत नाही.

कागदपत्रे

जर्मनी, नेदरलँड्स किंवा शेंगेनमधल्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशाचे वैध निवासकार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. इंग्लंड किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र लागतो. तिथले निवासकार्ड इथे चालत नाही. भारतातून तुमच्याकडे आलेल्या आजी-आजोबांकडे शेंगेन व्हिसा असेल तर त्याच व्हिसावर स्टॉकहोम होते. फक्त त्यांचा विमा सगळ्या शेंगेन देशांत लागू आहे ना आणि व्हिसावरचे मुक्कामाचे दिवस पुरतात ना, हे पाहा.

भारतातून नव्याने अर्ज करताना: प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज देता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झालेला असतो. सहलीत अनेक देश असतील तर जिथे जास्त रात्री तिथल्या वकिलातीकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहा वर्षांखाली शून्य. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा लागतो. एकच पालक मुलाला घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचे संमतीपत्र बरोबर ठेवा. आणि पासपोर्ट मूळ प्रतीतच न्या. मोबाइलमधला फोटो विमानतळावर कामाचा नाही.

डब्यात काय चालते, काय नाही

यावर थोडे सविस्तर, कारण चूक नेमकी इथेच होते. युरोपीय संघाबाहेरून येताना दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर आणि तुपाची बरणी, सगळे बाद. ताजी फळेही बाद. प्रमाणपत्राशिवाय चालतात ती फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी कितीही प्रेमाने बांधलेली असो, ती कस्टममध्ये राहते. ताज्या कढीपत्त्याच्या पुडीचेही तेच. बिनदिक्कत न्या: चिवडा, भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, तेलात केलेले खाकरे. तान्ह्या बाळाचे बंद डब्यातले दूधपावडरीचे अन्न मर्यादेत चालते. युरोपीय संघातल्याच दुसऱ्या देशातून जाणाऱ्यांना यातले काहीच लागू नाही.

तिथे गेल्यावर दहीभाताची सोय होते. दुकानातल्या दुधाच्या कपाटात 'फिलमियोल्क' नावाचा उंच कागदी डबा असतो. ते आपल्या पातळ दह्याच्या जवळ जाते, ताकासारखे ओतताही येते. घट्ट दही हवे असेल तर 'तुर्किस्क' योगर्ट घ्या. मात्र शेजारी व्हॅनिलाची आणि फळांची पाकिटे अगदी तशीच दिसतात. डब्यावर 'नातुरेल' शब्द आहे ना पाहून उचला. तांदूळ घेताना 'ग्रोतरीस' टाळा, तो खिरीचा चिकट तांदूळ असतो. हॉटेलच्या खोलीत किटली आणि फ्रिज असेलच असे नाही, आरक्षण करतानाच विचारा.

कामाच्या दिवशी दुपारी साधारण अकरा ते दोन 'दागेन्स लुन्श' मिळते: एक मुख्य पदार्थ, बरोबर सॅलड, ब्रेड आणि कॉफी, सगळे एकाच दरात. शनिवार-रविवारी ते बहुतेक ठिकाणी नसते आणि तेच जेवण बरेच महाग पडते. म्हणून शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचत असाल तर पोटभर जेवण त्या दिवशी बाहेर, आणि पुढचे दोन दिवस हॉटेलचा भरपेट नाश्ता व दुपारी डबा, हे गणित जमते. शाकाहारी म्हटले तरी अंडे धरलेले असते. अंडे नको असेल तर 'वेगान' हा शब्द वापरा. नळाचे पाणी बिनधास्त प्या.

पैसे

रोख रकमेचा उपयोग जवळजवळ नाही. बसमध्ये रोख घेतच नाहीत; बरीच संग्रहालये, कॅफे, अगदी सार्वजनिक शौचालयेसुद्धा कार्डावरच चालतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डची दोन कार्डे ठेवा, दोन वेगळ्या पाकिटांत, आणि भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार निघण्याआधीच सुरू करून घ्या. दुकानात 'स्विश' लिहिलेले दिसेल; ते स्वीडिश बँक खात्याशिवाय चालत नाही.

राहायची खोली

मध्यवर्ती भागातल्या स्वस्त खोल्यांच्या वर्णनात 'उतान फोन्स्तेर' हे शब्द असतील तर खोलीला खिडकी नाही. हा प्रकार स्टॉकहोममध्ये सर्रास आहे. दोघांना एका रात्रीपुरते चालेल, मुलांबरोबर नको. वसतिगृहात चादरी आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे वेगळे पडतात. पत्ता पाहताना मध्यवर्ती स्टेशनापासूनचे अंतर मोजण्यापेक्षा जवळच्या मेट्रोपासून, म्हणजे 'टी' फलकापासून, चालत किती मिनिटे हे पाहा.

शहरातली तिकिटे

बस, मेट्रो, लोकल, ट्राम आणि काही बोटी, सगळ्यांना एकच तिकीट चालते. एकेरी तिकीट 75 मिनिटांचे; तेवढ्यात कितीही वेळा गाडी बदला. सात वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर फुकट. फाटकावर कार्ड टेकवले की मोठ्यांचे पूर्ण भाडे कापले जाते. 20 वर्षांखालच्या मुलांची आणि 65 च्या पुढच्या आजी-आजोबांची सवलत हवी असेल तर तिकीट शहर वाहतुकीच्या ॲपमधून काढा. दिवसात चारपेक्षा जास्त फेऱ्या होणार असतील तर 24 तासांचा पास पाहा, आणि शुक्रवार संध्याकाळपासून धरले तर 72 तासांचा. बाबागाडी बसमध्ये मधल्या दाराने चढवतात.

शनिवार : एकच बेट

शहर 14 बेटांवर आहे, पण शनिवारी यूर्गोर्डेन सोडून कुठे जाऊ नका. जाताना 7 क्रमांकाची ट्राम घ्या, येताना 82 क्रमांकाची बोट जुन्या शहराजवळच्या स्लुसेनपर्यंत. त्याच तिकिटात दहा मिनिटांची जलसफर होते; पर्यटकांच्या वेगळ्या बोटीचे पैसे वाचतात.

सकाळी दार उघडताच वासा संग्रहालय. उन्हाळ्यात ते साडेआठला उघडते, एरवी दहाला. 18 वर्षांखाली प्रवेश फुकट. 1628 च्या ऑगस्टमध्ये वासा ही युद्धनौका पहिल्याच सफरीत 1300 मीटरच्या आसपास जाऊन बुडाली: वरचा भार जास्त, बूड अरुंद, वाऱ्याने कलंडली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आले. 1961 मध्ये ती वर काढली तेव्हा लाकूड शाबूत होते, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात तग धरत नाही. आत गेल्यावर मुले आधी जहाजाकडे धावतात. त्यांना पहिल्यांदा एकास दहा प्रमाणातल्या रंगीत प्रतिकृतीपाशी न्या; तिच्यावरचे लाल आणि सोनेरी रंग पाहिले की मग शेजारचे काळपट खरे जहाज डोळ्यांना कळते. लाकूड जपण्यासाठी आत उजेड मंद आणि हवा 18 ते 20 अंशांची असते, तेव्हा स्वेटर असू द्या. बुडालेल्यांचे सांगाडेही एका भागात आहेत. लहानग्यांना तो भाग टाळता येतो. दीड तास पुरतो.

मग दोन वाटा. मूल सात वर्षांखालचे असेल तर शेजारचे यूनिबाकेन: स्वीडिश बाललेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या गोष्टींतून फिरणारी छोटी गाडी आणि तिच्या गोष्टींतल्या पिप्पी या मुलीचे चढण्या-उतरण्याचे घर. मूल मोठे असेल तर स्कान्सेन. 1891 सालचे हे उघडे संग्रहालय. देशभरातून आणलेली जुनी घरे, काच फुंकणारे कारागीर, आणि अस्वल, लांडगे, मूस हरणे. चार तास लागतात आणि टेकडी चढायची असते. आजी-आजोबा असतील तर हेझेलियस दाराकडून चढणारी छोटी दोरगाडी त्या दिवशी चालू आहे का, ते सकाळीच पाहा. बंद असेल तर मुख्य दारातून सरकत्या जिन्याने. दोन्ही वाटा एकाच दिवशी साधायचा बेत दुपारी तीनला रडारडीत मोडतो.

रविवार : दुपारपर्यंत

सामान हॉटेलातच ठेवून जुन्या शहरात, गामला स्तानमध्ये जा. तिथे दगडी फरसबंदी आहे, लहान चाकांची बाबागाडी अडकते. राजवाड्यासमोरची पहारेबदल रविवारी सव्वाएकला; मुलांना दिसायला हवे तर पाऊणलाच उभे राहा. सर्वांत अरुंद बोळ 90 सेंटीमीटरचा, पायऱ्यांचा. तिथे गाडी उचलूनच न्यावी लागते.

पाऊस असेल तर मेट्रोच संग्रहालय समजा. एका 75 मिनिटांच्या तिकिटात टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती मेट्रो स्टेशनाच्या निळ्या मार्गावरचा निळ्या वेलींचा फलाट, तिथून एक स्टेशन पुढे गुहेसारखे कुंगस्ट्रेडगोर्डेन, परत येऊन लाल मार्गाने स्टाडियोनवरचे इंद्रधनुष्य, एवढे आरामात होते.

महिना आणि कपडे

जूनमध्ये साडेतीनलाच उजाडते आणि रात्री दहाला मावळते. मुले झोपत नाहीत, डोळ्यांवरची पट्टी न्या. डिसेंबरात पावणेतीनला सूर्य बुडतो, तेव्हा बाहेरच्या गोष्टी सकाळी आणि संग्रहालय दुपारी, असा क्रम उलटा करा. जूनच्या 19 ते 25 तारखांमधला शुक्रवार 'मिडसोमर' या उन्हाळी सणाचा. शहर ओस पडते, बरीच दुकाने बंद असतात. थंडीत एक जाड जाकीट घेण्यापेक्षा थर्मल, लोकरी आणि वारा अडवणारा असे तीन थर घ्या, आणि तळाला खाचा असलेले बूट. पदपथावरच्या बर्फावर खडी टाकलेली असते, पण आजीच्या सपाट तळाच्या चपला तिच्यावरूनही घसरतात.

तातडीच्या मदतीला 112, तब्येतीच्या सल्ल्याला 1177. मुलाला नेहमी लागणारे तापाचे औषध चिठ्ठीसह बरोबर न्या. परतीच्या विमानाच्या तीन तास आधी शहर सोडा. आणि सामान हॉटेलात राहिले आहे, ते आणायला अर्धा तास वेगळा धरा.